क्लच प्लेट बदलण्याआधी पेडल तपासा: वायरचा क्लच आणि ऑइलचा क्लच

जुलैतली संध्याकाळ, कुर्ल्याचा एलबीएस रोड, धो धो पाऊस. माझ्या छोट्या गाडीचं क्लच पेडल पायाखाली एकदम सैल पडलं आणि खालीच राहिलं. मागे बेस्टची बस, उजवीकडे रिक्षांची रांग, डावीकडे साचलेलं पाणी. गाडी गियरमध्येच बंद पडली. टोचन करून ती एका गॅरेजला नेली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "साहेब, क्लच ओव्हर झालाय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट टाकावा लागेल." मी हो म्हणालो. जुने भाग मागून घेतले तेव्हा दिसलं, प्लेटचं अस्तर रिव्हेटांच्या वर चांगलं जाड शिल्लक होतं. तुटली होती ती फक्त वायर, पेडलच्या टोकाशी जिथे ती वाकते तिथे, एकेक तार करत.

गेलेल्या पैशांपेक्षा ती चांगली प्लेट भंगारात गेल्याचं मला जास्त लागलं. त्यानंतर माझ्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या गाडीचा क्लच बिघडला की गियरबॉक्स उतरवू द्यायच्या आधी मी अर्धा तास पेडलपाशी आणि बॉनेटखाली घालवतो. तो अर्धा तास कसा घालवायचा, ते इथे लिहितो आहे.

काम एकच, वाट वेगळी

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती, असतं. त्याला लागून क्लच प्लेट आणि तिच्यावर दाबून बसलेली प्रेशर प्लेट. दाब देते ती थाळीसारखी डायफ्राम स्प्रिंग. तिला मध्याकडे जाणारी पोलादी बोटं असतात. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग या बोटांवर रेटलं जातं, प्रेशर प्लेटचा दाब सुटतो, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिनाचा गियरबॉक्सशी संबंध तुटतो. इथपर्यंत सगळ्या मॅन्युअल गाड्या सारख्याच.

पायाचा जोर बेअरिंगपर्यंत कसा पोचतो, इथे फरक आहे. मारुती ८०० आणि अल्टोसारख्या छोट्या गाड्यांत पोलादी तारांची पीळ घातलेली वायर तो नेते, सायकलच्या ब्रेकसारखी. इनोव्हा, होंडा सिटी अशा गाड्यांत तेच काम ऑइल करतं. पेडलमागच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन ऑइल ढकलतो, पाइपातून तो दाब गियरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला जातो आणि तिथला पिस्टन बेअरिंग रेटणारा फोर्क हलवतो. स्लेव्हचा व्यास मास्टरपेक्षा मोठा ठेवला की पायाचा जोर वाढून पोचतो. शिवाय पाइप हवा तसा वळवता येतो. वायरला मात्र वळणं सोसत नाहीत. प्रत्येक तीव्र वळणाला ती घासते आणि पेडल कडक होतं.

आता प्लेट झिजते तेव्हा काय होतं ते नीट समजून घ्या, कारण अर्धं निदान यातच आहे. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि स्प्रिंगच्या बोटांची टोकं उलट बाजूला, म्हणजे बेअरिंगकडे येतात. वायरच्या क्लचमध्ये त्यामुळे पेडलचा सुरुवातीचा प्ले, म्हणजे विरोध लागेपर्यंतची मोकळी चाल, कमी कमी होत जातो आणि पेडल बरंच वर आल्यावर क्लच पकडू लागतो. प्ले शून्यावर आला की बेअरिंग कायमचं बोटांना टेकून राहतं. प्लेटवर पुरता दाब येत नाही, ती घसरते आणि अधिकच भराभर झिजते. ऑइलच्या क्लचमध्ये तीच बोटं स्लेव्हच्या पिस्टनला मागे ढकलतात. तेवढं ऑइल टाकीत परत जातं, पेडल मात्र होतं तिथेच राहतं. म्हणून ऑइलच्या क्लचची प्लेट झिजत आली तरी पेडलवरून सहसा कळत नाही, गाडी घसरू लागते तेव्हाच कळतं.

यावरून एक गोष्ट पक्की धरून ठेवा. क्लच अगदी खाली, पाय जमिनीला टेकता टेकता पकडत असेल आणि गियर पडायला त्रास होत असेल, तर बहुतेक वेळा प्लेट झिजलेली नसते. वायर ताणलेली असते, नाहीतर ऑइलमध्ये हवा किंवा गळती असते. मला ज्या गाड्यांवर "प्लेट गेली" असा शिक्का बसलेला दिसला, त्यांतल्या कित्येकांचं दुखणं नेमकं हेच होतं.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहा

बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या समोरची, केबिन आणि इंजिन यांच्यामधली पत्र्याची भिंत टॉर्चने बघा. करंगळीएवढं जाड काळं आवरण असलेली केबल भिंतीतून निघून वळण घेत गियरबॉक्सवरच्या छोट्या हातापर्यंत (लिव्हरपर्यंत) गेली असेल आणि टोकाला आटे व नट दिसत असतील, तर तो वायरचा क्लच. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या बाजूने एखादी रबरी नळी निघून वेगळ्या लहान सिलिंडरला जात असेल, तर ऑइलचा. काही गाड्यांत क्लचची टाकी स्वतंत्र असते. टाकी एकच असेल तर क्लचच्या नळीचं तोंड मुद्दाम जरा उंचावर दिलेलं असतं. क्लचची नळी गळाली तरी ब्रेकच्या वाट्याचं ऑइल खाली शिल्लक राहावं, हा त्यामागचा विचार.

पेडलच्या चार परीक्षा

पहिली हाताने. इंजिन बंद ठेवून पेडलशेजारी पट्टी उभी धरा आणि बोटांनी पेडल हलकेच दाबा. पहिला विरोध लागेपर्यंतचं अंतर म्हणजे प्ले. वायरच्या गाड्यांत तो साधारण १० ते २५ मिमीच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच प्रमाण माना. ऑइलच्या क्लचमध्ये हा प्ले जेमतेम काही मिलिमीटर असतो.

दुसरी परीक्षा गियर सुटतो का याची. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. कर्रर्र आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाही. अनेक गाड्यांच्या रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गियर पडताना वेग जुळवून घेणारा भाग, नसतो, म्हणून तो सगळ्यात आधी तक्रार करतो. आता पेडल चार-पाच वेळा भराभर पंप करून पुन्हा टाकून बघा. पंप केल्यावर गियर अलगद पडला तर ऑइलमध्ये हवा आहे किंवा सील दाब धरत नाही, हे जवळजवळ नक्की. वायरच्या गाडीत पंप करून काही फरक पडत नाही. तिथे वायरची ताण, तिचं भिंतीतलं बसणं आणि पेडलचा ब्रॅकेट तपासा. ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा गेला की पेडल दाबताना भिंतच हलते. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून तुम्ही बॉनेटकडून बघा, लगेच दिसेल.

तिसरी परीक्षा घसरण्याची. रिकाम्या रस्त्यावर, चौथ्या गियरमध्ये ताशी ४०-५० किमी वेगात, चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ यासाठी चांगला आहे, मात्र पहाटेच, गर्दीच्या वेळी नको. इंजिनाचा आवाज चढला आणि स्पीडोमीटरचा काटा जागेवरून हलला नाही, तर क्लच घसरतो आहे. वायरची गाडी असेल तर लगेच सेट मागवू नका, आधी प्ले बघा. प्ले संपलेला असेल तर तो नीट करून पुन्हा चाचणी घ्या. कधी कधी एवढ्यानेच प्लेट आणखी काही महिने काढते. प्ले बरोबर असूनही घसरत असेल तर मात्र प्लेटची वेळ झाली. प्ले जुळवल्यानंतरची एक फेरी सोडली तर ही चाचणी एकदाच घ्या. पुन्हा पुन्हा घेतली तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

चौथी कानाची. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून पेडल हलकेच दाबा. दाबताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. उलट, पाय वर असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर संशय गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा. या दोन दुरुस्त्यांच्या खर्चात बराच फरक आहे, म्हणून मेकॅनिकला सांगताना आवाज नेमका कधी येतो ते शब्दशः सांगा.

वायर बदलणं

हे काम घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये होण्यासारखं आहे. १०, १२ आणि १४ चे पाने, पकड, टॉर्च, पट्टी आणि थोडं ग्रीस पुरतं. नवी वायर घ्यायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाउसजवळच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत जाणार असाल तर गाडीचं मॉडेल, साल आणि चॅसिस नंबर सोबत न्या. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या वायरींत लांबीचा फरक निघतो. जुनी वायर हातात असेल तर उत्तमच.

गाडी थंड होऊ द्या, हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा. जुनी वायर कुठून कशी गेली आहे त्याचे मोबाइलवर तीन-चार फोटो काढून ठेवा. गियरबॉक्सच्या टोकाला नटाबाहेर किती आटे दिसतात ते पट्टीने मोजा, नवी लावताना सुरुवात तिथूनच करता येईल. काही गाड्यांत तिथवर हात पोचायला एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरी काढावी लागते. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी.

लॉक नट आणि अॅडजस्टर सैल करून वायर गियरबॉक्सच्या हातातून सोडवा. आता थांबा आणि तो हात बोटांनी हलवून बघा. बहुतेक जण ही पायरी गाळतात. हात जड फिरत असेल, गंजलेला असेल, तर नवी वायरही काही महिन्यांत तुटेल, कारण मूळ दुखणं शाफ्टच्या बुशमध्ये आहे. बाहेरून दिसणाऱ्या सांध्याला साफ करून ग्रीस द्या. तरीही जड राहिला तर मेकॅनिक गाठा.

मग आत पेडलखाली डोकं घालून वायरचं टोक पेडलच्या आकड्यातून काढा आणि वायर इंजिनाच्या बाजूने बाहेर ओढून घ्या. जुनी आणि नवी शेजारी ठेवून लांबी, टोकांचा आकार आणि रबरी ग्रोमेट जुळतात का बघा. नवी वायर जुन्याच वाटेने न्या. एक्झॉस्टच्या पाइपाजवळून नको, आणि कुठेही तीव्र वाकडी नको. पेडलचं टोक आधी, मग भिंतीतली बैठक, शेवटी गियरबॉक्सचा हात. वायरच्या आत ऑइल सोडू नका. आजच्या वायरींना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, ऑइलने त्यात धूळ चिकटते आणि वायर लवकर जड होते. ग्रीस फक्त पेडलच्या आकड्याला.

अॅडजस्टर फिरवून प्ले मॅन्युअलप्रमाणे आणा. पेडल १५-२० वेळा पूर्ण दाबा. नवी वायर बसते आणि प्ले थोडा बदलतो. पुन्हा मोजा, मगच लॉक नट आवळा. काही गाड्यांत पेडलपाशी आपोआप ताण जुळवणारी दातेरी यंत्रणा असते, तिथे बाहेरून आवळायला जाऊ नका.

आणि वायर भर रस्त्यात तुटली तर? गाडी धोक्याच्या जागेवरून कडेला घेण्यापुरता एक उपाय आहे. इंजिन बंद असतानाच पहिला गियर टाका, समोर मोकळं आहे ना बघा आणि स्टार्टर मारा. गाडी धक्का देत पुढे जाईल आणि चालू होईल. थांबायचं असेल तेव्हा पाय अॅक्सिलरेटरवरून काढून ब्रेक मारा, इंजिन बंद पडेल. काही गाड्यांत पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. वायर तुटली असली तरी पेडल खाली दाबून ठेवा, तो स्विच दाबला जातो. सायनपासून ठाण्यापर्यंत असं जायचा विचारही करू नका.

ऑइलच्या क्लचची गळती शोधणं आणि एअर काढणं

आधी गळती शोधा. गळती तशीच ठेवून एअर काढणं म्हणजे आठवड्याने तेच काम पुन्हा. मास्टर सिलिंडर गळत असेल तर ऑइल बऱ्याचदा आतल्या बाजूला येतं, म्हणून पेडलमागचा कार्पेट उचलून बोट फिरवा. स्लेव्ह बाहेर बसवलेला असेल तर त्याच्या रबरी टोपीची कडा उचला, आत ओल असली तर सील गेलं. रबरी नळी पेडल दाबताना फुगते का तेही बघा. कुठेच ओल दिसत नाही, तरीही टाकी उतरते आहे, तर इंजिन आणि गियरबॉक्स जोडतात त्या बेल हाउसिंगच्या तळाशी बघा. अनेक गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर आतच, शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो. तो गळाला की गियरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. अशा वेळी मात्र मी स्वतः पूर्ण सेट टाकायला सांगेन. मजुरी तीच लागते आणि ऑइल पडलेली प्लेट पुन्हा भरवशाची राहत नाही. हाच नियम उलटही पाळा. प्लेटसाठी गियरबॉक्स उतरलाच असेल तर आतला जुना स्लेव्ह तसाच परत बसवू देऊ नका.

मास्टर किंवा बाहेरच्या स्लेव्हसाठी पूर्वी सर्रास रबर किट टाकत. सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत असेल तर ते ठीक आहे. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत बहुतेक वेळा आत गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि नवं रबर त्यावर घासून लवकर जातं. तेव्हा पूर्ण सिलिंडर बदलणंच शेवटी स्वस्त पडतं. भंगारातला सिलिंडर कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका.

ज्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात ते ग्लायकोलवर आधारलेलं असतं, हवेतली आर्द्रता शोषून घेतं आणि कालांतराने सिलिंडर आतून गंजवतं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच वापरा आणि डबा सीलबंद असावा. गेल्या पावसाळ्यातला अर्धा उरलेला डबा वापरू नका. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल यात थेंबभरही गेलं तर सगळी रबरं फुगतात. दर २ वर्षांनी हे ऑइल बदलावं, आणि मुंबईत तर मी यात सवलत देणार नाही.

एअर काढायला दोन माणसं लागतात. माझ्याकडे पेडलवर मुलगी बसते आणि निपलपाशी, म्हणजे स्लेव्हवरच्या हवा सोडायच्या छोट्या स्क्रूपाशी, मी. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा. स्लेव्हवरच्या निपलची टोपी काढून आजूबाजूची माती पुसा. निपलला रिंग पाना लावा, उघड्या तोंडाच्या पान्याने तिचे कोपरे झडतात. त्यावर पारदर्शक नळी चढवून दुसरं टोक बाटलीत, तळाला थोडं ताजं ऑइल घालून, बुडवून ठेवा. आता पेडल सावकाश तीनदा दाबून चौथ्यांदा खाली धरायला सांगा. निपल पाव फेरा उघडा, बुडबुडे आणि ऑइल येईल, लगेच बंद करा. बंद झाल्यावरच पेडल सोडायचं, आधी सोडलं तर हवा आत ओढली जाते. पेडल आपणहून वर येत नसेल तर हाताने वर ओढा, सुरुवातीला असं होतंच. बुडबुडे थांबून ऑइल स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा.

दर पाच-सहा वेळांनी टाकी बघा. टाकी ब्रेकची आणि क्लचची एकच असेल आणि ती रिकामी झाली, तर हवा ब्रेकमध्येही शिरू शकते. मग काम दुप्पट आणि धोका कितीतरी जास्त. एवढं करूनही पेडल मऊच राहिलं तर टाकी भरलेली ठेवून निपल किंचित उघडा आणि ऑइल आपल्या वजनाने दहा-पंधरा मिनिटं ठिबकू द्या. अडकलेली हवा अनेकदा अशीच निघते.

सांडलेलं ऑइल रंग खातं, ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा. बाटलीतलं जुनं ऑइल टाकीत परत नाही, गटारातही नाही. गॅरेजमध्ये जिथे जुनं ऑइल जमा करतात तिथे द्या.

पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी

जुलै-ऑगस्टमध्ये गावी गेलात, गाडी कंपाउंडमध्ये तीन-चार आठवडे भिजत उभी राहिली, आणि परत आल्यावर कुठलाच गियर पडत नाही. पेडल मात्र अगदी नेहमीसारखं. इथे वायरचा किंवा ऑइलचा दोष नाही, प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली असते. साचलेल्या पाण्यातून गाडी काढून तशीच उभी केली की हे हमखास होतं. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा आणि बंद करा. समोर लांबपर्यंत मोकळी जागा असेल तरच दुसरा गियर टाका, क्लच पूर्ण दाबून स्टार्ट करा. गाडी चालू लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून अॅक्सिलरेटर थोडा दाबा, सोडा, दाबा, सोडा. बहुतेक वेळा एका झटक्यात प्लेट सुटते. सुटली नाही तर ब्रेक मारून इंजिन बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.

वायर असो वा ऑइल, काम झाल्यावर दोन गोष्टी करा. एकच टाकी असेल तर गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल दाबून बघा, ते घट्ट लागलं पाहिजे. मग टाकीवर ऑइलच्या पातळीशी पांढऱ्या चिकटपट्टीची बारीक रेघ लावा, किंवा वायर असेल तर आज मोजलेला प्ले तारखेसह मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर लिहा. आठ दिवसांनी पुन्हा बघा. पातळी रेघेवर असेल आणि प्ले तेवढाच असेल तर पुढची तपासणी थेट मे महिन्यात, पावसाच्या आधी.